सही विचारण्यापुरती

फ्लोरिडा, ११ ऑक्टोबर

प्रिय व्हर्ना,

गुडघा नवा आहे, बाकी मी जुनाच. डॉक्टर म्हणतात, डिसेंबरपर्यंत ओहायोचं नाव काढायचं नाही. लेकीच्या घरी मला गच्चीतली खोली दिली आहे, म्हणजे व्यायामही होतो आणि मी कोणाच्या मधेही येत नाही. फोन मुद्दाम करत नाही. फोनवर तू ओरडतेस, मी 'काय?' म्हणतो, आणि जॅनेलला शेजारी विचारतात, घरात भांडण झालं का म्हणून.

काल टपालाने मतपत्रिका आली. माणसं निवडायची फारशी नाहीत यंदा, सगळे प्रश्नच आहेत. राज्याचे दोन, गावाचे तीन. माझा नियम तुला ठाऊक आहे: प्रश्न माझ्या अंगठ्यापेक्षा लांब असला की 'नाही'. ज्याला थोडक्यात मागता येत नाही, त्याच्या मनात काहीतरी असतं. राज्याचा पहिला प्रश्न दीड पानाचा होता, तो गेला. दुसरा अंगठ्यात बसला, म्हणून 'हो'. गावाच्या नव्या आगीच्या बंबाला 'हो', कारण माझं घर लाकडी आहे. दफनभूमीचं गवत कापायला 'हो', कारण फार दिवस लांबवण्यासारखा विषय नाही तो.

पाचव्यावर येऊन पेन थांबलं. त्यात कॉरिनचं नाव छापलंय! 'कॉरिन डीटरिक यांना त्यांच्या ओल्ड मिल इन या खानावळीत रविवारी मद्यविक्रीची परवानगी द्यावी का?' पत्ता, घर नंबर, सगळं. पंचाहत्तर वर्षांत मी कितीतरी कायद्यांवर मत दिलं, पण पुतण्या-भाच्याच्या बायकोवर कधी दिलं नव्हतं. तुझ्या डेलशी तिचा घटस्फोट झाला असला तरी माझ्या लेखी ती भाचसूनच.

प्रश्न अंगठ्यात बसतो. पण माणूस बसत नाही. तू काय करणार आहेस ते कळव. आई असती तर काय म्हणाली असती, ते मला पाठ आहे, ते लिहू नकोस.

तुझा,
लोवेल

~

वॉलनट फोर्क, १६ ऑक्टोबर

प्रिय लोवेल,

अंगठ्याने मतं देणारा माणूस माझा सख्खा भाऊ आहे, हे मी तीस वर्षं मतदानाच्या टेबलावर बसून लपवलं आहे. राज्याचा तो पहिला प्रश्न वाचला असतास तर कळलं असतं, त्यात जुन्या शाळांच्या नळांमधलं शिसं काढायचं आहे. लांब होता कारण वकिलांनी लिहिला. तू तीस वर्षं शाळेची बस चालवलीस आणि पोरांच्या पाण्याला 'नाही' म्हणून बसलास. धन्य आहे तुझी.

आता कॉरिनचं. ऑगस्टच्या सुरुवातीला ती कागद घेऊन दारोदार फिरली. असा प्रश्न मतदानाला घालायचा तर आधी आपल्या बूथातल्या लोकांच्या सह्या लागतात, तेवढं तुला माहीत आहे. सगळ्यात आधी माझ्याकडे आली. मी सही केली. मी सगळ्यांच्याच कागदावर सही करते. ज्याला परसात कोंबड्या पाळू द्यायच्या होत्या त्याच्याही केली आणि ज्याला त्या कोंबड्या बंद करायच्या होत्या त्याच्याही. सही म्हणजे 'लोकांना विचार बाबा, तुला कोणी अडवलंय?' एवढंच. मत ही वेगळी गोष्ट. आपल्याकडे हे सगळ्यांना कळतं, पण कॉरिन टोलेडोसारख्या शहरात वाढलेली. तिने मला मिठी मारली. मी काही बोलले नाही.

मी 'नाही' देणार आहे. तूही 'नाही' दे आणि लवकर टाक.

आईचं लिहू नकोस म्हणालास, तरी लिहिते. मी दहा वर्षांची होते. त्या वर्षी तिने याच गावात, याच रस्त्यावर, रविवारी दारू नको म्हणून सह्या गोळा केल्या. तिच्या बुटाचा तळ गेला तेव्हा तिने आत पुठ्ठा घातला. लोक दारात उभं करून म्हणायचे, 'बाई, आधी आपला नवरा सांभाळा.' ती म्हणायची, 'तोच सांभाळतेय.' नऊ मतांनी जिंकली. आणि बाबा त्या दिवशी चर्चचा कोट घालून मत द्यायला गेले, आईच्या विरुद्ध. घरात कोणी तसं म्हटलं नाही, पण सगळ्यांना माहीत होतं. त्या आठवड्यात जेवणाच्या टेबलावर आई एकटीच बोलत होती.

बाबांना मी कधी माफ केलं नाही. पिण्याचं एक वेळ ठीक, पण ते मत नाही.

बाकी सगळं ठीक. तुझ्या टोमॅटोंना मी पाणी घालत नाही, ते मेले आहेत.

व्हर्ना

~

फ्लोरिडा, २१ ऑक्टोबर

प्रिय व्हर्ना,

शिशाचं वाचून दिवसभर जेवण गेलं नाही. पेनाने केलं आहे, पुसता येत नाही. जॅनेल म्हणते, नवी मतपत्रिका मागवता येते. पण मग मला सांगावं लागेल की मी अंगठा लावून बघितला. तेव्हा राहू दे.

तुझ्या पत्राबरोबरच कॉरिनचं कार्ड आलं. 'लवकर बरे व्हा', वर तुझ्या नातीने, टेसने काढलेलं चित्र, त्यात मी कुबड्या घेऊन मगरीच्या पुढे पळतोय. पोरगी सोळाची झाली, हात चांगला आहे. आत कॉरिनने लिहिलं आहे, ते जसंच्या तसं उतरवतो (मॉम म्हणजे तूच): 'मॉमने सगळ्यांच्या आधी सही केली. त्या आमच्या बाजूने आहेत हे कळल्यावर पुढच्या घरांत जायला मला भीती वाटली नाही.' आणि खाली: 'रविवारी लोक जेवायला येतात, पेला मागतात, नाही म्हटलं की उठून नदीपलीकडे जातात. यंदा जमलं नाही तर जानेवारीत आम्ही दोघी टोलेडोला, माझ्या बहिणीच्या हॉटेलात.'

टोलेडो. आता माझा प्रश्न अंगठ्याहून लहान आहे: तुला माहीत होतं का?

माहीत असेल तर माझ्या पत्रात ते का नव्हतं? टोमॅटोंना जागा होती. आणि माहीत असो-नसो, ती बाई तुझं नाव घेऊन दारोदार हिंडली आहे. तिला निदान सांग. आपल्याकडे हे सगळ्यांना कळतं म्हणतेस, पण तिला कळलेलं नाही, हे तुला कळलं आहे ना?

चार प्रश्नांची उत्तरं भरून मतपत्रिका फ्रिजवर चिकटवून ठेवली आहे. पाचवा कोरा.

लोवेल

~

वॉलनट फोर्क, २५ ऑक्टोबर

लोवेल,

हो, माहीत होतं.

म्हणूनच लिहिलं नाही. लिहिलं असतं तर तू म्हणाला असतास, 'व्हर्ना, जाऊ दे, नातीसाठी 'हो' दे.' आणि तेच तर मला कोणाच्या तोंडून ऐकायचं नव्हतं. ते मी रोज स्वतःच्या तोंडून ऐकते.

तू गावात नाहीस, म्हणून सांगते. डेल ॲरिझोनात, वर्षातून एकदा फोन. माझं म्हणून जे काही आहे ते रस्त्याच्या पलीकडे राहतं. दर रविवारी चर्चनंतर टेस माझ्याकडे येते, मी कोंबडीच्या नूडल्स करते, बटाट्याच्या लगद्यावर घालून, आपल्या आईसारख्या. ती दोनदा वाढून घेते आणि मला शाळेतल्या पोरांच्या नकला करून दाखवते. ती टोलेडोला गेली तर मला फार वाईट वाटेल. वाईट म्हणजे किती, ते लिहीत नाही. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, असं झालं आहे.

पण मत म्हणजे शेजाऱ्याला दिलेली वाटीभर साखर नाही. आई स्वतःच्या नवऱ्याविरुद्ध उभी राहिली. मी माझ्या सोयीविरुद्ध उभी राहू शकत नसेन, तर एकसष्ट वर्षं मी बाबांना कशाबद्दल नावं ठेवली?

कॉरिनने मला विचारलेलं नाही. विचारलं तर सांगेन. न विचारता सांगायला मी काही रेडिओ नाही.

व्हर्ना

ता.क. बरं. रविवारी सांगते.

~

फ्लोरिडा, ३० ऑक्टोबर

प्रिय व्हर्ना,

आज सकाळी काठी टेकत टपालपेटीपर्यंत गेलो आणि मतपत्रिका आत टाकली. पाचव्याला 'नाही' भरलं. तू सांगितलंस म्हणून. आयुष्यात पहिल्यांदा तुझं ऐकलं, तारीख लिहून ठेव.

आधी टाकली आणि मग हे लिहायला बसलो. उलटं केलं असतं तर वकिली झाली असती.

बाबांनी मला शपथ घातली होती. पण जिला सांगायचं नव्हतं ती आई जाऊन तेवीस वर्षं झाली, आणि तू परवाच्या पत्रातही त्यांना त्याच टेबलावर बसवून ठेवलं आहेस. आता बास.

त्या दिवशी ते मला ट्रकमध्ये घालून मत द्यायला घेऊन गेले. मी चौदाचा. मी बाहेर थांबलो. परत येताना त्यांनी गिरणीच्या पुलावर ट्रक थांबवला, खाली उतरले, कठड्याला टेकले. मग म्हणाले, 'तुझ्या आईला मत दिलं मी.'

मी म्हटलं, 'म्हणजे बंद करायला?'

'हो. रविवारी ते दार उघडं असलं की माझे पाय आपोआप तिकडे वळतात. पायांना सांगून बघितलं, ऐकत नाहीत. म्हणून कागदाला सांगितलं.'

मी म्हटलं, 'आईला सांगू या ना!' माझा आनंद पोटात मावेना, व्हर्ना. मला वाटलं, आता घरात सगळं ठीक होणार.

ते म्हणाले, 'नाही. तिला कळलं तर ती माझ्यावर भरवसा ठेवेल. तो मला पेलायचा नाही. ती स्वतःच्या जोरावर जिंकली, तसंच राहू दे.' आणि माझ्याकडून शपथ घेतली, बायबल नव्हतं म्हणून ट्रकच्या बॉनेटवर हात ठेवून.

आणि खरंच पेलला नाही. पुढच्या रविवारी ते नदीपलीकडे गेले, तुला आठवत असेल. पण दर रविवारी नाही गेले. नदी लांब होती, ट्रक जुना होता, आणि कधीकधी ते मागच्या पायरीवर बसून राहायचे. तेवढे रविवार त्या मताचे.

आईच्या नऊ मतांमध्ये एक त्यांचं होतं. एवढंच सांगायचं होतं. यात 'हो' नाही आणि 'नाही'ही नाही. आणि कृपा करून आता तू फिरू नकोस, नाहीतर आपण दोघं एकमेकांना खोडून बसू.

लोवेल

~

वॉलनट फोर्क, ९ नोव्हेंबर

प्रिय लोवेल,

सगळं क्रमाने लिहिते, नाहीतर मी मध्येच थांबेन.

रविवारी चर्चनंतर घरी न जाता मी कॉरिनच्या इनमध्ये गेले. टेसला चर्चमध्ये काम होतं. चार टेबलं भरलेली, एक जोडपं उठून चाललेलं. कॉरिन ओटा पुसत होती. मी कोटही काढला नाही.

म्हटलं, 'कॉरिन, मी 'नाही' देणार आहे.'

तिने फडकं पिळलं. 'आणि सही?'

'सही विचारण्यापुरती होती. उत्तर वेगळं.'

'मग हे ऑगस्टमध्ये सांगायला काय झालं होतं, मॉम?'

'तू मिठी मारलीस. मिठीत बोलता येत नाही मला.'

ती हसली नाही. म्हणाली, 'मी तुमचं नाव घेऊन मागच्या गल्लीतली सगळी घरं केली.' मी म्हटलं, 'माहीत आहे, चुकलं माझं.' ती म्हणाली, 'सूप घेणार?' मी नको म्हटलं. घरी गेले. टेस त्या दिवशी आली नाही. नूडल्स तीन दिवस खाल्ल्या.

सोमवारी तुझं पत्र आलं. मी ते स्वयंपाकघरात उभ्याने वाचलं, मग बसून वाचलं, मग रडले. लिहून टाकते म्हणजे संपलं. बाबा गेले तेव्हाही रडले नव्हते. मागच्या पायरीवर बसलेले मला आठवतात, लोवेल. मी त्यांच्या बाजूने वळसा घालून आत जायची. मला वाटायचं, हरल्याचा राग आहे. एकसष्ट वर्षं मी ज्या माणसाविरुद्ध मत देत आले, त्याने माझ्यासारखंच मत दिलं होतं. आणि तू एवढं पोटात ठेवून माझ्यासमोर बसून जेवत होतास, दर थँक्सगिव्हिंगला! तुझ्यावर चिडायचं अजून राहिलं आहे, ते डिसेंबरसाठी ठेवलंय.

मंगळवारी साडेपाचला फायर स्टेशनवर टेबलं मांडली. दरवेळेसारखंच, रस्त्याच्या अलीकडच्यांचं टेबल माझं, पलीकडच्यांचं शेजारी. मदत करणाऱ्यांनी आधी आपलं मत उरकायचं म्हणून साडेसहाला दार उघडताच मी आडोशामागे गेले. पहिली चार उत्तरं तयार होती (शिशाला 'हो', तुझ्या वाटचंही). पाचव्यापाशी उभी राहिले. तुझं ते वाक्य डोक्यात: पायांना सांगून बघितलं. बाबांनी स्वतःबद्दल जे माहीत होतं त्यावर मत दिलं. आईने घराबद्दल जे माहीत होतं त्यावर. मी आजवर मत दिलं ते आईला माहीत असलेल्या गोष्टीवर. आपल्या बूथात आज कोणाचे पाय रविवारी वळतात? मी सगळ्यांना ओळखते. जे पितात ते आठवडाभर आपापल्या गॅरेजमध्ये पितात, त्यांना कॉरिनच्या दाराची गरज नाही. आणि मला स्वतःबद्दल एकच गोष्ट पक्की माहीत होती, की मला टेस इथे हवी आहे. त्यात तत्त्व वगैरे काही नाही. हवी आहे, एवढंच.

मी 'हो' भरलं.

दहाच्या सुमारास कॉरिन आली. सवयीने सरळ माझ्या टेबलाशी, लग्न झाल्यापासून ती याच टेबलावर मत देत आली. पण घटस्फोटानंतर तिने घर घेतलं ते रस्त्यापलीकडे. इन अलीकडे, ती पलीकडे. मी यादी पाहिली. म्हटलं, 'तुझं नाव शेजारच्या टेबलावर आहे.' ती तिकडे गेली, मतपत्रिका घेतली, आडोशामागे गेली आणि लगेच बाहेर आली. 'माझा प्रश्न यात नाहीये.' शेजारचे गृहस्थ घसा खाकरत बसले. मीच सांगितलं, 'तो फक्त अलीकडच्यांना. तुझ्या मतपत्रिकेत तुझा प्रश्न नाही.' तिने एकदा मतपत्रिकेकडे बघितलं, एकदा खिडकीतून इनच्या पाटीकडे, आणि म्हणाली, 'म्हणजे माझं सोडून सगळ्यांनी ठरवायचं.' मग मुकाट्याने आत जाऊन बंब आणि गवतावर मत देऊन आली. त्या टेबलावर बसून मतांबद्दल चकार शब्द काढायचा नसतो. नियम मीच नव्या लोकांना शिकवते. पाच फुटांवर ती, आणि माझ्या तोंडाला कुलूप.

टपालातली धरून आकडे गुरुवारी लागले. 'हो' एकशे चोवीस, 'नाही' एकशे तेहतीस. गेलं. तुझा एक माझ्या एकात वजा झाला, तेव्हा ते मनाला लावून घेऊ नकोस. बंब मिळाला, गवत कापलं जाईल, शिशाचंही पास झालं, अंगठ्याला न जुमानता.

शनिवारी दुपारी कॉरिन माझ्याकडे आली. मी दार उघडलं तर हातात तो सह्यांचा कागद, म्हणजे त्याची प्रत. टेबलावर पसरली. म्हणाली, 'एकशे एक्केचाळीस सह्या, मॉम. मतं एकशे चोवीस. निदान सतराजणांनी अंगणात उभं राहून मला पाणी दिलं, हसले, सही केली आणि आडोशामागे जाऊन नाही म्हणाले. किंवा घरीच बसले. आता मी दुकानात, चर्चमध्ये प्रत्येकाच्या तोंडाकडे बघते, हा का ती? दोन दिवस झोप नाही. त्या सगळ्यांत मला तोंडावर सांगितलं ते एकट्या तुम्ही. रविवारी मला तुमचा इतका राग आला होता! आता वाटतं, या गावात एकच माणूस आहे ज्याच्याबद्दल मला विचार करत बसावं लागत नाही.'

मी तोंड उघडलं, लोवेल. शपथ सांगते, उघडलं.

आणि ती पुढे म्हणाली, 'म्हणून एक मागायला आले. मला जानेवारीत जायलाच हवं. पण टेसची शाळा जूनपर्यंत आहे. ती तुमच्याकडे राहील का? दुसऱ्या कोणाकडे मी तिला ठेवणार नाही.'

आता सांग, मी काय करायला हवं होतं? 'अगं, मीही तुझ्याच बाजूने मत दिलं' म्हणाले असते, तर ते तिला खरं वाटलं नसतं. पोरगी मिळतेय म्हणून सासू गोड बोलते, असं वाटलं असतं, आणि वाटायलाच हवं. किंवा खरं वाटलं असतं, आणि मग ज्या एका गोष्टीवर ती उभी होती तीही गेली असती. मी म्हटलं, 'वरची खोली तिची.' तिने पुन्हा मिठी मारली. या वेळी मीही मारली, म्हणजे पुन्हा बोलता आलं नाही.

टेसने काल पहिली पेटी आणून टाकली. जूनपर्यंत म्हणजे सात महिने, जवळजवळ तीस रविवार. मी कॅलेंडरवर मोजले आहेत. जूनमध्ये काय, ते जूनमध्ये.

आज तिने मला विचारलं, 'आजी, तू ममाच्या विरुद्ध मत दिलंस, आणि तरी ती तुला एवढं मानते, असं कसं?' मी म्हटलं, 'नूडल्स गार होतायत.'

एक गुपित तू एकसष्ट वर्षं सांभाळलंस. तुला सवय आहे, म्हणून हे दुसरंही तुझ्याकडे देते. टेस तिशीची होईल आणि मी नसेन, तेव्हा तिला गिरणीच्या पुलावर घेऊन जा आणि सांग. शपथ बॉनेटवरच घे.

व्हर्ना